नाक्यावर अडलेली काकू

माझ्या धाकट्या काकूची कुत्री आफ्रिकेतून बोटीनं मुंबईला आली, मुंबईहून रेल्वेनं सोलापूरला आली, आणि नळदुर्गच्या अलीकडं एका बांबूपाशी अडली. समुद्रानं तिला अडवलं नाही, बोटीच्या कप्तानानं अडवलं नाही, मुंबईच्या गोदीवरच्या डॉक्टरनंही अडवलं नाही. अडवलं ते बांबूनं. इतकी वर्षं झाली तरी हे सांगताना माझा आवाज चढतो. परवा नातीला सांगत होते तर ती म्हणाली, ‘आजी, तू अजून कुणाशी भांडतेयस?’ ज्यांच्याशी भांडायचं ते सगळे केव्हाच गेले, आणि त्यांच्यातला एकही माणूस तसा वाईट नव्हता. चीड येते ती त्याचीच. एखादा दुष्ट भेटला असता तर त्याच्या नावानं बोटं मोडून मोकळे तरी झालो असतो.

आमचं घर अणदूरला. पुढं ओसरीत अप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं दुकान. गूळ, दोरखंड, रॉकेल, मिठाचं पोतं, आणि त्या सगळ्यांचा मिळून एक वास, जो शाळेत गेलं तरी माझ्या परकराला यायचा. मागं स्वयंपाकघर, तिथं सकाळपासून भाकरी थापल्याचा आवाज. थापायची माझी आई, पण तवा सांभाळायची अव्वा. अव्वा म्हणजे अप्पांची आई. अक्कलकोटच्या बाजूची होती ती, घरात कानडी बोलायची, दुकानात मराठी आणि मोहरमच्या दिवसांत शेजारणींशी दखनी. आमच्या घरातल्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवल्या तर पंधरा पंधरा दिवस मोडत नसत, आणि अव्वाचा शब्दही तसाच होता. एकदा निघाला की मोडायचा नाही.

अप्पांचा धाकटा भाऊ वीरूकाका. तो सोलापूरच्या गिरणीत फिटरचं काम शिकला आणि तिथनं कुणाच्या तरी नादानं आफ्रिकेला, मोंबासाला रेल्वेच्या कारखान्यात गेला. मी तेव्हा रांगत होते म्हणे. मला काका माहीत होता तो फक्त अव्वाच्या सुस्काऱ्यातून. लढाई संपत आली तेव्हा त्याचं पत्र आलं की मी लग्न केलंय. मुलगी तिथंच जन्मलेली, तिचा बाप कोकणातला गवंडी, घरात मराठीच बोलतात. आता आम्ही लिंगायत, आणि ती माणसं कोण, कुठली, कुणालाच माहीत नाही. अप्पांनी पत्र वाचून दाखवलं आणि अव्वा उठून गोठ्यात गेली. बरेच दिवस त्या विषयावर तिनं तोंड उघडलं नाही. मग एका सकाळी भाकरी उलथताना तव्याकडं बघतच अप्पांना म्हणाली, ‘त्याला लिवा, घेऊन ये म्हणावं. दुकानाला एक माणूस लागतंच हाय. घरात आली की ती आपली.’ एवढं बोलायला तिला किती जड गेलं असेल ते मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की आफ्रिकेतली काकू येणार.

ते यायचे होते येळवसीच्या तोंडावर. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं, त्याला आम्ही येळवस म्हणतो. नवी सून पहिल्याच येळवसीला शेतात आलेली बरी, असा अव्वाचा हिशोब. ज्या दिवशी ते यायचे त्या दिवशी तिनं हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर केली, शेंगापोळ्या केल्या, अंगणात सडा घातला. सोलापूरची मोटार दुपारी यायची. तिचा भोंगा लांबून, पार वळणावरून ऐकू यायचा. मी आणि आई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या. मोटार थांबली, माणसं उतरली, कोंबड्या उतरल्या, एक मोट बांधलेली गादी उतरली. काका-काकू काही उतरले नाहीत. कंडक्टर दुकानापाशी आला आणि अप्पांना म्हणाला, ‘तुमचे भाऊ नाक्यावर राह्यलेत. त्यांच्या कुत्रीला सोडंनात.’

‘कशाला सोडंनात?’ अप्पांनी विचारलं.

‘कुत्रीला. आफ्रिकेची कुत्री हाय म्हणं त्यांच्यासंगं.’

अव्वानं ताट आईच्या हातातून घेतलं, दिवा विझवला आणि आत गेली. हुग्गी शेजारीपाजारी वाटून टाकली.

दुसऱ्या दिवशी अप्पा निघाले आणि मला बरोबर घेतलं. आई घर सोडू शकत नव्हती, आणि अप्पा पडले थोरले दीर. थोरल्या दिरानं धाकट्या भावाच्या बायकोशी तोंडावर बोलायचं नाही ही आमच्यातली रीत. तेव्हा मधे कुणीतरी हवं. ते कुणीतरी म्हणजे मी. मला वाटलं होतं मजा येईल. पुढच्या दिवसांत दोन शहाण्या माणसांचे निरोप एकमेकांच्या तोंडासमोर पोचवून पोचवून माझा जीव मेटाकुटीला आला.

नाका म्हणजे रस्त्यावर आडवा एक बांबू, त्याच्या एका टोकाला बांधलेला धोंडा, बाजूला पत्र्याची चौकी आणि चिंचेचं झाड. त्याला करोडगिरीचा नाका म्हणायचे; आतबाहेर जाणाऱ्या मालावर तिथं जकात घेत. बांबूच्या अलीकडं आमची मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. पलीकडं इंग्रजी मुलूख. दोन्हीकडं माती तीच काळी, ज्वारी तीच, आणि दोन्हीकडचे कावळे मधल्या बांबूवर बसून ओरडायचे. पलीकडच्या अंगाला वाटसरूंसाठी एक धर्मशाळा होती, आणि तिच्या पायरीवर माझी काकू बसलेली. अंगावर साधं पातळ, पायात काळे बूट, केसांची एकच जाड वेणी. शेजारी लाकडी खोका, त्याला हवेसाठी भोकं पाडलेली. आणि तिच्या बुटांवर हनुवटी ठेवून ती कुत्री. पांढरी, अंगभर काळे ठिपके, एक कान फाटलेला. नाव चुई. तिकडच्या भाषेत चुई म्हणजे बिबट्या, असं काकूनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मांजरीएवढा धीर नसलेल्या त्या कुत्रीला हे नाव कुणी दिलं कोण जाणे.

काकूनं काहीच चुकीचं केलं नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवते. मोंबासाला जनावरांच्या डॉक्टरकडून तिनं दाखला घेतला होता. बोट कंपनीची परवानगी काढली होती. बापाकडून मापाचा खोका करून घेतला होता. बोटीवर कुत्रीला डेकवर, भटारखान्याच्या भिंतीला बांधून ठेवायचं असा नियम होता, तर ही बाई सगळा प्रवास तिथं भांड्यांच्या खणखणाटात बसून आली. मुंबईला गोदीवरच्या डॉक्टरनं चुईची जीभ बघितली, पोट दाबलं आणि शिक्का मारला. तेव्हा तिच्या मनात असं पक्कं बसलेलं की माणसानं नियमानं चालावं, विचारतील ते दाखवावं, मग कुणी अडवत नाही. तिकडं तिचं कधी अडलं नव्हतं. आमच्याकडं ती पहिल्यांदाच येत होती.

नाकेदार पन्नाशीचे, दाढी राखलेले, बोलायला अतिशय मऊ. त्यांनी अप्पांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आपली अडचण सांगितली. ‘देखो शेटजी, आदमी का कायदा है. बैल का है, बकरी का है, कपडे का है. कुत्ते का कायदा मेरे किताब में नैं.’

‘न्हाई ना? मग जाऊ द्या की,’ आमच्याबरोबर चौकीत आलेला वीरूकाका म्हणाला.

‘कायदा नैं है तो कैसा जाने दूं?’

मी तेव्हा लहान होते, पण हे वाक्य मला अजून पाठ आहे. पुढं आयुष्यभर नोकरीच्या निमित्तानं मी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, आणि तेच वाक्य वेगवेगळ्या भाषांत ऐकलं. नाकेदारांचंही बरोबर होतं म्हणा. त्या साली आमच्या भागात पिसाळलेली कुत्री सुटली होती, माणसं चावली होती, आणि बाहेरची कुत्री आत घेऊ नयेत असं वरून काहीतरी आलं होतं. ते काहीतरी म्हणजे नक्की काय, ते त्यांना नीट माहीत नव्हतं. काकूचे दाखले इंग्रजीत. त्यांना उर्दूत हवे. भाषांतर करून आणलं तर त्यावर आपल्या राज्याच्या सलोतरीची, म्हणजे गुरांच्या सरकारी डॉक्टरची सही हवी. सलोतरी बसतो धाराशिवला. त्यानं कुत्री बघितल्याशिवाय सही करायची नाही. कुत्री धाराशिवला न्यायची तर बांबू ओलांडायला हवा. बांबू ओलांडायचा तर सही हवी. अप्पांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

मग ते माझ्याकडं वळले. काकू बांबूपलीकडं चार हातांवर उभी. ‘निले, काकूला सांग, कुत्री थोडे दिस सोलापुरात कुणाकडं ठिवू. तवर घरला चला. माय वाट बघायली.’

मी बांबूखालून जायच्या आत काकू म्हणाली, ‘निला, अप्पांना सांग मी ऐकलं. चुईला सोडून मी येणार नाय.’

मी वळले. अप्पा म्हणाले, ‘ऐकलं म्हणावं.’

असे आम्ही तिथं राहिलो. अप्पा दुकान आईवर टाकून कधी नळदुर्गला, कधी तुळजापूरला, कधी धाराशिवला खेपा घालत होते. मी काका-काकूंजवळ धर्मशाळेत. रोज सोलापूरला परतणाऱ्या मोटारीनं घरून डबा यायचा. कडक भाकरी, शेंगाचटणी, कधी गाडग्यात येसराची आमटी. कंडक्टर डबा देताना रोज विचारायचा, ‘सुटली का?’ आणि आम्ही रोज नाही म्हणायचो. काकूला आमची भाकरी चावताना त्रास व्हायचा, तेव्हा ती आमटीत भिजवून खायची. आपल्यातली अर्धी चुईला. ती कुत्री मराठी ऐकायची नाही, कानडीही नाही. ‘न्जो’ म्हटलं की यायची, ‘केती’ म्हटलं की बसायची. मी चौकीच्या पायरीवरून ‘न्जो’ म्हणायचे आणि ती बांबूपर्यंत पळत येऊन थबकायची, कारण तिथं काकूची दोरी संपायची. नाकेदार लांब उभे राहून बघायचे. कुत्रीला ते शिवत नसत, पण एका परातीत पाणी भरून बांबूच्या पलीकडं सरकवायला शिपायाला त्यांनीच सांगितलं.

आणि खरा ताप पुढंच होता. गावची कुत्री त्या बांबूखालून दिवसभर जात होती. येत होती. नाक्यावरच पोसलेली एक तांबडी कुत्री होती, ती सकाळी मोगलाईत उठायची आणि इंग्रजी मुलखात जाऊन खरकटं खाऊन यायची. एक धनगर रोज शंभरेक मेंढरं आणि दोन कुत्री घेऊन शेतातनं आरपार जायचा. त्यानंच काकूला सुचवलं. ‘बाई, माझ्या कळपात सोडा. पलीकडं हातात देतो. कोण इचारतंय.’ वीरूकाकाचे डोळे चमकले. मलाही वाटलं, झालं, सुटलो. अप्पांनी तर आकाशाकडं बघितलं, म्हणजे त्यांना काही ऐकू आलं नाही असं.

काकू म्हणाली, ‘चोरून नाय न्यायची.’

‘अगं, चोरी कसली,’ काका म्हणाला. ‘आपलीच कुत्री, आपल्याच घरी.’

‘आपली आहे म्हणूनच. हिचं सगळं नीट केलंय मी. आज चोरून नेली तर उद्या कुणीही दारात येऊन उभा राहील, ही कुठली म्हणून विचारील. मग मी काय सांगू?’

काका वैतागून धर्मशाळेच्या मागं जाऊन बसला. मीही वैतागले. खरं सांगायचं तर आजही मला ठरवता येत नाही की त्या दिवशी कोण जास्त हट्टी होतं, नाकेदार की काकू. दोघंही नियमाला चिकटलेली. फरक एवढाच की एकाजवळ नियम नव्हता आणि दुसरीजवळ गरजेपेक्षा जास्त होते.

येळवस आली. त्या दिवशी नाक्यावरून माणसांच्या गाड्या शेतांकडं चाललेल्या, भज्जीचा, म्हणजे येळवसीच्या मिसळीच्या भाजीचा, आणि अंबिलीचा वास रस्त्यावरून जात होता. दुपारी बघते तर आमचीच बैलगाडी नळदुर्गच्या बाजूनं येत होती. गाडीत अव्वा. शेतातली पूजा आईवर सोपवून, अणदूरहून इतका रस्ता हाडं खिळखिळी करत ती आली होती. बरोबर भज्जीचं गाडगं, ज्वारीचे उंडे, आणि मांडीवर नवं लुगडं, हिरवं, इरकली. ती उतरली, कमरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि बांबूपाशी आली. काकू पलीकडून आली, वाकली आणि बांबूखालून हात घालून तिच्या पायाला लावला. अव्वानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ तिच्याकडं बघितलं. मग बुटांकडं बघितलं. मग कुत्रीकडं.

‘चल घरला,’ अव्वा म्हणाली. ‘म्या कुनाच्या जातीचं इचारलं न्हाई, पातीचं इचारलं न्हाई. समदे वाट बघालेत. कुत्रीचं तुझा थोरला दीर बघंल.’

‘आई, तुम्ही एवढ्या लांब आलात,’ काकू म्हणाली. ‘पण हिला इथं टाकून मी नाय येऊ शकत.’

‘का म्हून? आमी कुत्र्याचा राग करनारी मानसं न्हवं. खंडोबाचं गाव हाय आमचं, कुत्र्याला तिथं कुनी धोंडा मारत न्हाई. ही आली असती तर म्या भाकर टाकली असती. पन सरकार सोडंना त्याला कोन काय करनार? असं हाय तरी काय हिच्यात?’

मी काकूकडं बघत होते. मला वाटलं, आता ती काहीतरी सांगेल. हिनं साप मारला होता, माझा जीव वाचवला होता, मेलेल्या आईची खूण आहे, असं काहीतरी. अव्वालाही तेच हवं होतं. तेवढं ऐकून ती विरघळली असती. पण काकूनं विचार केला आणि म्हणाली, ‘तसं काही नाय. ती माझी आहे.’

अव्वा अप्पांना म्हणाली, ‘येन माडबेकू,’ म्हणजे काय करावं आता, आणि हातातलं लुगडं बांबूवर आडवं टाकून गाडीत जाऊन बसली. भज्जी तिनं माझ्या हातात दिली. गाडी वळली. नाकेदार चौकीच्या दारात उभे होते, त्यांनी मान खाली घातली. काकूनं लुगडं उचललं, घडी केली आणि धर्मशाळेत नेऊन ट्रंकेत ठेवलं. त्या दिवशी भज्जी कुणाच्याच घशाखाली उतरली नाही. चुईनं खाल्ली.

त्यानंतर अप्पांनी जे केलं ते भावासाठी केलं की आईसाठी, मला माहीत नाही. धाराशिवला जाऊन ते सलोतरीच्या दारात बसून राहिले आणि शेवटी हुकूम घेऊन आले. हुकूम असा की कुत्रीला शिपायाच्या पहाऱ्यात नळदुर्गला न्यावं, तिथल्या कोंडवाड्यात ठेवावं, सलोतरी साहेब दौऱ्यावर आले की बघतील, पिसाळलेली नसेल तर सही करतील. नाकेदार स्वतः बाहेर आले आणि त्यांनी आपल्या हातानं बांबू वर केला. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. चुई ठुमकत मोगलाईत आली. आम्ही सगळे गाडीत बसलो, शिपाई पुढं गाडीवानाशेजारी. काकूनं डोक्यावर पदर घेतला आणि मला हळूच विचारलं, ‘तुमच्या घरी सकाळी चहा असतो की दूध?’ मला इतका आनंद झाला की मी दोन्ही म्हणाले.

कोंडवाडा म्हणजे मोकाट गुरं कोंडायची जागा. चार मातीच्या भिंती, वर काही नाही, आत गुडघाभर शेण. एक मोडक्या शिंगाचा बैल, दोन वासरं, आणि कोपऱ्यात खुंटाला बांधलेली एक कुत्री. तिचे केस गेले होते. आम्ही आत आलो तरी तिनं मान उचलली नाही. काकूनं राखणदाराला विचारलं, ‘ही कुणाची?’

‘एका मास्तरची हाय. तिलाबी साहेबानं बघायचंय.’

‘कधीपासून आहे?’

तो विचार करून म्हणाला, ‘पोळ्याच्या आदीपासनं. साहेबाचा दौरा निघाला न्हाई अजून.’

काकू त्या कुत्रीजवळ जाऊन उकिडवी बसली, थोडं पाणी तिच्यापुढं सरकवलं आणि उठली. चुईची दोरी तिनं हाताला दोन वेढे देऊन गुंडाळली. मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, ‘निला, तुझ्या अप्पांना सांग, त्यांनी फार केलं माझ्यासाठी. मी सोलापूरला परत जाते.’

अप्पा या वेळी माझ्यामार्फत न बोलता सरळ काकाशी बोलले. ‘वीरू, तू तर चल. मायचं काय?’

काकानं कोंडवाड्याच्या भिंतीकडं बघितलं. ‘अण्णा,’ तो अप्पांना म्हणाला, ‘म्या हिला एवढ्या समुद्रावरनं आणलीय. आता कोंडवाड्याच्या दारात कुठं सोडू?’

परत जाताना नाकेदारांनी बांबू वर केला आणि पुटपुटले, ‘कुत्ते को बाहर ले जाने की मनाई नैं.’ ते वाईट वाटूनच म्हणाले असणार. पण मला त्यांच्या अंगावर धोंडा मारावासा वाटला.

घरी आल्यावर अव्वानं फक्त आमच्या मागं कुणी आहे का ते बघितलं. गावात सांगितलं की वीरूला गिरणीत मोठी जागा मिळाली. ते खोटंही नव्हतं, त्याला फिटरची जागा मिळाली आणि त्यानं गिरणीजवळच्या चाळीत दोन खोल्या घेतल्या. अप्पा मालाला सोलापूरला गेले की तिथं जेवून यायचे. अव्वाला सांगायचे नाहीत, आणि ती अप्पांच्या सदऱ्याचा वास घेऊन ओळखायची. पण नाव काढायची नाही. एका कुत्रीपायी आमच्या घराचे दोन तुकडे झाले, असं आई म्हणायची. मी मनात म्हणायचे, कुत्रीपायी नाही.

पुढं मोगलाईत दिवस फिरले. रझाकारांची धास्ती इतकी वाढली की संध्याकाळी दिवा लावायला माणसं भ्यायची. बाजार बंद, मोटार बंद. आमच्या आळीतली घरं एकेक करून कुलपं घालून सोलापूर-बार्शीकडं निघाली. एका सकाळी आम्हीही निघालो. रस्त्यानं नाही, शेताशेतानं, गाय आणि वासरू बरोबर घेऊन, अव्वाला गाईच्या दाव्याचा आधार देत. हद्द कुठं गेली ते कळलंसुद्धा नाही. एका बांधावर अप्पा म्हणाले, ‘आलो पलीकडं.’ आमच्या गाईला कुणी दाखला विचारला नाही. वासराला विचारला नाही. मला एकदम इतकी चीड आली की मी त्या बांधावर उभी राहून रडले. आई समजली मी घाबरले.

सोलापुरात माणसं शाळांत, देवळांत, मोकळ्या मैदानांत छपरं घालून राहिली होती. आम्हाला काकूच्या दोन खोल्या होत्या. काकू दारात उभी होती, अंगावर ते हिरवं इरकली. अव्वाची पावलं जिन्यात अडखळली. काकू खाली उतरली, तिचा हात धरला आणि म्हणाली, ‘आई, या वर.’ चुई जोरात भुंकायला लागली. ‘केती,’ काकू म्हणाली, आणि कुत्री बसली.

तिथं आम्ही कितीतरी महिने दाटीवाटीनं काढले. अव्वाचा आणि चुईचा कोपरा एकच, कारण दुसरा नव्हताच. अव्वा दिवसभर करवादायची, हिला कानडी कळंना, मराठी कळंना, हिच्याशी बोलावं तरी कसं. मग एका दुपारी मी नळावरून येत होते तर जिन्याच्या तोंडाशी अव्वा उभी राहून गल्लीकडं बघत हाका मारत होती, ‘न्जो, न्जो.’ मला बघून गप्प झाली. शेजारीण म्हणाली, तुमचं नशीब, इथं हक्काचं घर निघालं. अव्वा म्हणाली, ‘नशीब कशाचं. सून हट्टी हाय माझी.’ काकूच्या तोंडावर मात्र तिनं असं कधी काही म्हटलेलं मी ऐकलं नाही.

चुई त्याच घरात म्हातारी होऊन गेली. पावसाळा होता, बाहेर सगळा चिखल. काकानं गिरणीच्या मागच्या मोकळ्या जागेत तिला पुरलं. त्या दिवशी अव्वा जेवली नाही. सोमवार आहे म्हणाली. सोमवार नव्हता.

थोड्याच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. मोटारी परत सुरू झाल्या, आणि आम्ही अणदूरला निघालो तेव्हा काकूही आमच्याबरोबर निघाली, पहिल्यांदा. नाका अजून होता. राज्य गेलं तरी जकात काही वर्षं राहिली. पण जुने नाकेदार नव्हते. नवी टोपी घातलेला एक तरुण कारकून मोटारीत चढला आणि बाकांमधून विचारत आला, कापड आहे का, सूत आहे का. आमच्या बाकापाशी आला. काकू खिडकीशी बसली होती, बाहेर चिंचेच्या झाडाकडं बघत.

‘काही दाखवायचं हाय का?’ त्यानं विचारलं.

‘होतं,’ काकू म्हणाली.

त्याला ते कळलं नाही. ‘काय होतं?’ म्हणून तो वाकून बाकाखाली बघायला लागला.

मागच्या बाकावरून अव्वा म्हणाली, ‘काय न्हाई, बाबा. तू बांबू उचल.’